शेअर्ड फ्लॅटमध्ये स्मार्ट उपकरणं बसवताना: आधी काय, नंतर काय

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, कुठेही तीन-चार जण मिळून फ्लॅट भाड्याने घेतला की महिन्याभरात कोणीतरी स्मार्ट बल्ब आणतं, कोणी गिझरला स्मार्ट प्लग लावतं, कोणी स्पीकर. आणि मग भांडणं सुरू होतात. बल्ब ॲपवरून लागत नाही, कारण कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलंय. ज्याच्या मोबाईलवर सगळं जोडलंय तो गावी गेलाय. हॉलमध्ये कॅमेरा आहे हे चौथ्याला दोन आठवड्यांनी कळतं.

यातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं कारण एकच: क्रम उलटा. लोक आधी वस्तू विकत घेतात, मग जोडतात आणि शेवटी बाकीच्यांना सांगतात. सामाईक घरात सांगणं पहिलं आणि खरेदी बऱ्याच नंतर यायला हवी. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने करा. मधला एखादा टप्पा सोडला तर पुढे कुठेतरी तो आडवा येतोच.

## टप्पा १: सगळ्यांचा होकार, एकाच बैठकीत

व्हॉट्सॲप ग्रुपवर "स्पीकर घेतोय, चालेल ना?" असं टाकणं आणि त्यावर दोन अंगठे येणं, याला होकार म्हणत नाहीत. एका संध्याकाळी सगळे घरी असताना बसा. तीन गोष्टी ठरवा आणि ग्रुपवर लिहून पिन करा.

पहिली, जागा. आपापल्या खोलीत ज्याने त्याने काय लावायचं ते लावावं, पण हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, बाथरूमबाहेरचा बोर्ड आणि मुख्य दरवाजा या सामाईक जागांवर एकाचाही नकार असेल तर ते उपकरण येणार नाही. यात बहुमत चालत नाही. चारपैकी तिघांना हॉलमध्ये माइक चालतो म्हणून चौथ्याने स्वतःच्या घरात हळू आवाजात बोलायचं, हे बरोबर नाही.

दुसरी, मालकी. इथे माझं मत पक्कं आहे: वर्गणी काढून एकही उपकरण घेऊ नका. एक वस्तू, एक मालक. बल्ब एकाने घ्यावेत, प्लग दुसऱ्याने, एसीचा रिमोट हब (मोबाईलवरून एसीला रिमोटसारखा सिग्नल देणारी डबी) तिसऱ्याने. जो घर सोडेल तो आपली वस्तू काढून घेऊन जाईल. वर्गणीतून घेतलेल्या स्पीकरचा चौथा हिस्सा दीड वर्षाने किती, या हिशोबात चांगली मैत्री तुटते.

तिसरी, न वापरणाऱ्याचा हक्क. घरातल्या प्रत्येकाला आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल न काढता दिवा, पंखा, गिझर चालू-बंद करता आला पाहिजे. सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, गावाहून आलेले कोणाचे तरी आई-बाबा, रात्री मुक्कामाला थांबलेला मित्र, यांच्याकडे तुमचं ॲप नसणार. पुढची सगळी खरेदी याच अटीवर करायची आहे.

तपासा: जो बैठकीत गप्प होता त्याला नंतर एकट्याला विचारा. ग्रुपमध्ये नाही म्हणणं अनेकांना अवघड जातं.

## टप्पा २: घरमालकाची परवानगी, लेखी

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये तशी तरतूद आहे. तो करार एकदा काढून वाचा. बहुतेक करारांत "लायसेन्सी (म्हणजे घर घेणारे तुम्ही) कोणताही बदल करणार नाही" अशा अर्थाचं कलम असतं आणि भिंतीला भोक पाडणं, बोर्ड उघडणं, दरवाजाचं कुलूप बदलणं हे त्यात येतं.

साधा नियम असा धरा. प्लगमध्ये खोचायचं, होल्डरमध्ये बसवायचं किंवा टेबलावर ठेवायचं, त्याला परवानगी लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर लागला की घरमालकाला विचारायचं. एक मेसेज पुरे: काय बसवणार, कोण बसवणार, घर सोडताना पूर्ववत करून देणार. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट सगळ्यांकडे ठेवा. डिपॉझिट परत घेताना तो उपयोगी पडतो.

मुख्य दरवाजाबाहेरचा पॅसेज सोसायटीचा असतो. तिथे व्हिडिओ डोअरबेल लावायची असेल तर सोसायटीच्या कार्यालयातही विचारा. तिचा रोख समोरच्यांच्या दारावर राहत असेल तर त्यांनाही.

## टप्पा ३: बोर्ड आणि लोड, खरेदीच्या आधी

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात आणि खरा धोकाही इथेच आहे, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. एक कागद घेऊन घरभर फिरा आणि तीन गोष्टी टिपा.

सॉकेट किती अँपिअरचं आहे. लहान भोकांचं सॉकेट ६ अँपिअरचं, मोठ्या भोकांचं १६ अँपिअरचं. आपल्याकडे वीजदाब २३० व्होल्ट, म्हणजे ६ अँपिअरवर साधारण १,३८० वॉट आणि १६ अँपिअरवर ३,६८० वॉट. आता उपकरणाच्या मागचं लेबल वाचा. २,००० वॉटचा साठवण गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि ३,००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३. म्हणून गिझरला १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग. १० अँपिअरचा प्लग कागदावर २,३०० वॉटपर्यंत चालतो, पण रोज सकाळी चार जणांच्या आंघोळीला तासभर तो इतक्या लोडवर ठेवणं मला सुरक्षित वाटत नाही. इंडक्शन शेगडी, इस्त्री आणि रूम हीटर यांना स्मार्ट प्लग लावूच नका. दूर बसून चालू करण्याच्या या वस्तूच नाहीत.

बोर्डात न्यूट्रल आहे का. भिंतीमागे बसणारं स्मार्ट स्विच मॉड्यूल घेणार असाल तर बहुतेक मॉडेलना न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच. नुसती बटणं असलेल्या बोर्डात, विशेषतः जुन्या इमारतींत, ती नसू शकते. हे वायरमनकडून तपासून घ्या. मॉड्यूल मागे मावेल एवढी जागा आहे का तेही त्यालाच बघू द्या, कारण भिंतीत बसवलेले कन्सील्ड बॉक्स बरेचदा उथळ असतात.

होल्डर कोणता आहे. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी पिनचा बी२२ होल्डर असतो, शोभेच्या दिव्यांना स्क्रूचा ई२७. ऑनलाइन सवलत बघून चुकीचा बल्ब मागवणारे खूप आहेत.

पंख्याचंही इथेच बघून घ्या. रेग्युलेटरवरच्या साध्या पंख्याला स्मार्ट प्लग किंवा दिव्यासाठीचा डिमर चालत नाही. रिमोटवरचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा असेल तर त्याच्या वाटेत जुना रेग्युलेटर ठेवायचा नसतो. भाड्याच्या घरात पंख्याला हात न लावणंच मी सुचवीन.

इशारा: मोठ्या पिनचं उपकरण लहान सॉकेटमध्ये चालवायला कन्व्हर्टर आणि त्यावर स्मार्ट प्लग, अशी रचना कधीही करू नका. सैल जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. प्लग लावल्यावर अर्ध्या तासाने मेन स्विच बंद करून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच काढा.

## टप्पा ४: घ्यायचं काय

टप्पा १ ची अट आठवा: मोबाईलशिवाय चाललं पाहिजे. ती लावली की यादी आपोआप लहान होते.

स्मार्ट बल्ब खोलीत ठीक, हॉलमध्ये नको. कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं, बल्बची वीज जाते आणि ॲपला तो सापडत नाही. बटणावर चिकटपट्टी लावून "बंद करू नका" लिहिणं हा उपाय नाही. ती मावशींना आणि पाहुण्यांना दिलेली शिक्षा आहे. हॉलसाठी बटणामागे बसणारं मॉड्यूल घ्या. त्यात भिंतीवरचं बटण नेहमीसारखं चालतं आणि ॲपही चालतं. परवानगी नसेल तर हॉलचा दिवा साधाच राहू द्या.

एसीसाठी इन्फ्रारेड रिमोट हब सगळ्यांत निरुपद्रवी. एसीला हात लावायचा नाही, भोक पाडायचं नाही, मूळ रिमोट तसाच चालतो. फक्त हब आणि एसी एकमेकांसमोर हवेत, मध्ये पडदा किंवा कपाट नको.

गिझरच्या प्लगचा खरा फायदा गिझर बंद होण्यात आहे. १५ लिटरचा, २,००० वॉटचा गिझर २५ अंशांचं पाणी ५५ अंशांपर्यंत न्यायला साधारण पंधरा-सोळा मिनिटं घेतो आणि सुमारे अर्धं युनिट वीज खातो. त्यामुळे "चालू केल्यावर वीस मिनिटांनी आपोआप बंद" हा एकच नियम लावला तरी विसरलेल्या गिझरवरून होणारी वादावादी थांबते. प्लग बाथरूमच्या आत, पाणी उडेल अशा जागी नको. आंघोळीला आत जाण्याआधी गिझर भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय मात्र मोडू नका. प्लगवर विसंबून राहू नका.

## टप्पा ५: वाय-फाय आधी नीट करा

बहुतेक बल्ब, प्लग आणि हब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दाखवत असेल तर जोडणी अडते आणि लोक उपकरण खराब समजून परत करतात. जोडताना राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ तेवढा वेळ बंद करा किंवा दोन्हींना वेगळी नावं द्या.

आता क्रमाने:

1. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला. तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि घरात येणारा कोणीही वाचू शकतो.
2. दोन नेटवर्क करा. एक माणसांसाठी, दुसरं उपकरणांसाठी. बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतंच, तेच उपकरणांना द्या.
3. बल्ब, प्लग, हब उपकरणांच्या नेटवर्कवर. टीव्ही आणि स्पीकर मात्र माणसांच्या नेटवर्कवर ठेवा, कारण गेस्ट नेटवर्क सहसा मोबाईलला त्या उपकरणापर्यंत थेट पोहोचू देत नाही आणि मग गाणं कास्ट होत नाही.
4. उपकरणांच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दोघांनी लिहून ठेवा.

दुसऱ्या नेटवर्कची ही खटपट कशासाठी, ते कोणी घर सोडतं तेव्हा कळतं. तेव्हा माणसांच्या वाय-फायचा पासवर्ड बदलायचा असतो. नेटवर्क एकच असेल तर पासवर्ड बदलताच घरातलं प्रत्येक उपकरण तुटतं आणि सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागते. राउटर बदलला तरी उपकरणांच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः तेच ठेवा, सगळं आपोआप जोडलं जाईल.

तपासा: गिझरच्या बोर्डाजवळ मोबाईल धरून त्याच नेटवर्कवर एखादं पान उघडा. बाथरूमच्या भिंती आणि टाइल्स सिग्नल खातात. इथे मोबाईल अडखळला तर प्लगही अडखळणार.

## टप्पा ६: खातं घराचं, माणसाचं नाही

सगळी उपकरणं एकाच्या वैयक्तिक गूगल किंवा ॲमेझॉन खात्यावर जोडणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. त्याचं कॅलेंडर, त्याच्या ऑर्डरी हॉलमधला स्पीकर वाचून दाखवू शकतो. तो घर सोडतो तेव्हा खातंही जातं.

घरासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा आणि स्पीकर व ॲप त्यावर सुरू करा. दोन टप्प्यांची पडताळणी लावा, पण ती एकाच मोबाईलवर अडकू देऊ नका. बॅकअप कोड छापून दोघांकडे ठेवा. या खात्याला कोणतंही कार्ड किंवा यूपीआय जोडू नका आणि आवाजाने खरेदी बंद ठेवा.

मग बाकीच्यांना पासवर्ड न देता ॲपमधून सदस्य म्हणून आमंत्रण पाठवा. गूगल होममध्ये तशी सोय आहे, स्मार्ट लाइफसारख्या ॲपमध्येही आहे. पासवर्ड वाटला तर एकाला काढण्यासाठी तो सगळ्यांसाठी बदलावा लागतो. आमंत्रण दिलं असेल तर एका माणसाला काढणं दोन टॅपचं काम आहे.

## टप्पा ७: जोडणी, एका वेळी एक

सगळे डबे एकाच रविवारी उघडू नका. एक उपकरण जोडा, आठवडाभर वापरा, तक्रार नसेल तर पुढचं. आधी एसीचा हब, मग गिझरचा प्लग, शेवटी हॉलचं मॉड्यूल. मॉड्यूल वायरमननेच, मेन स्विच बंद करून बसवायचं.

नाव देताना माणसाचं नाव वापरू नका. माणसं बदलतात, जागा बदलत नाही. "हॉल ट्यूब", "किचन लाइट", "पॅसेज" अशी, सगळ्यांच्या उच्चारात नीट येतील अशी नावं द्या. दोन नावं सारखी वाटली तर स्पीकर भलताच दिवा लावतो.

यानंतर एक सेटिंग न विसरता करा. वीज जाऊन परत आल्यावर उपकरणाने काय करायचं, हे बहुतेक बल्ब आणि प्लगसाठी ॲपमध्ये ठरवता येतं. अनेक बल्ब वीज आली की पूर्ण उजेडात लागतात. पावसाळ्यात पहाटे तीनला वीज आली की सगळी खोली लख्ख. बल्बला "आधीच्या स्थितीत" ठेवा. गिझरच्या प्लगला "बंद"च ठेवा, याला अपवाद नाही, कारण घरात कोणी नसताना वीज आली तर गिझर आपोआप चालू व्हायला नको.

तपासा: मेन स्विच बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि घरभर फिरा. जे आपोआप लागलं त्याचं सेटिंग राहिलंय. मग राउटर बंद करून बघा: हॉलचा दिवा बटणाने लागतो ना? एसी मूळ रिमोटने चालतो ना? नसेल तर टप्पा १ ची अट मोडली आहे.

## टप्पा ८: माइक आणि कॅमेरा

घराच्या आतल्या सामाईक जागेत कॅमेरा नको. चोरीची भीती असेल तर आपापल्या खोलीला कुलूप लावा. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात, सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. आपल्या खोलीतला कॅमेराही दार उघडल्यावर पॅसेज किंवा बाथरूमचं दार टिपत नाही ना, हे बघा.

मुख्य दरवाजावर सगळ्यांच्या संमतीने कॅमेरा लावलाच, तर चित्रण कोण बघू शकतं आणि किती दिवस राहतं हे लिहून ठेवा. मावशींनाही सांगा. रोज त्यांच्या येण्या-जाण्याची नोंद होते आणि त्यांनाच माहीत नाही, असं होऊ देऊ नका. घरी कोणाची मैत्रीण किती वाजता आली, हे बघायला तो कॅमेरा वापरला गेला तर त्याच दिवशी काढून टाका.

स्पीकर हॉलमध्येच, बेडरूमच्या दारांपासून दूर. त्यावरचं माइक बंद करायचं बटण सगळ्यांना दाखवा. माइक बंद असला की बहुतेक स्पीकरवर लाल किंवा नारिंगी दिवा लागतो. पाहुणे आले किंवा कोणी फोनवर महत्त्वाचं बोलत असेल तर कोणीही, न विचारता, ते दाबू शकतं असं ठरवा. आवाजाच्या नोंदी आपोआप पुसल्या जातील असं सेटिंग खात्यात करून घ्या.

## टप्पा ९: दरवाजाचं स्मार्ट कुलूप

हे घरमालकाने, त्याच्या खर्चाने बसवलं तरच. तुम्ही स्वतः बसवू नका. आधीच बसवलेलं असेल तर चार गोष्टी:

- प्रत्येकाचा वेगळा कोड, सगळ्यांचा मिळून एक नको.
- मावशींना वेगळा कोड, शक्य असेल तर ठरावीक वेळेपुरता.
- खरी किल्ली घराबाहेर, विश्वासू शेजाऱ्याकडे. बॅटरी संपली आणि किल्ली आत राहिली तर दार फोडावं लागेल.
- बॅटरी पूर्ण संपल्यावर बाहेरून वीज द्यायची सोय कुठे आहे, हे आजच शोधा. काही कुलपांना खाली ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन टोकं असतात, काहींना यूएसबी.

## टप्पा १०: कोणी घर सोडतं तेव्हा

निघायच्या आधीच्या रविवारी, जाणारा समोर असतानाच हे करा. तो गेल्यावर फोनवरून होत नाही.

1. जाणाऱ्याची उपकरणं ॲपमधून काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. नुसतं रीसेट केलं तर अनेक उपकरणं जुन्या खात्याशी बांधलेलीच राहतात आणि नव्या घरी जोडता येत नाहीत.
2. सदस्य यादीतून त्याचं नाव काढा. प्रत्येक ॲपमध्ये वेगळं, एका ठिकाणी काढल्याने दुसरीकडचं जात नाही.
3. कुलपाचा त्याचा कोड पुसा.
4. माणसांच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. ब्रॉडबँड त्याच्या नावावर असेल तर कनेक्शन आधी दुसऱ्याच्या नावावर करा.
5. घराच्या ईमेलचा पासवर्ड आणि बॅकअप कोड नवे काढा.
6. मॉड्यूल त्याचं असेल तर वायरमनकडून काढून जुनं बटण परत बसवा. पूर्ववत बोर्डाचा फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा.

नवा माणूस आला की टप्पा १ त्याच्यासोबत पुन्हा करा. हॉलमधला माइक त्याला नको असेल तर तो हॉलमधून जाईल, मग बाकीचे तिघं त्याला कितीही सरावलेले असोत.